पाण्याखाली फिल्मवर फोटो काढायचेत, तेही बजेटमध्ये: कॅमेरा आणि हाउसिंग कसं निवडायचं

पाण्याखालच्या फिल्म फोटोग्राफीत नवीन आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो "कुठला कॅमेरा घेऊ?" आणि लगेच चार जण "निकोनॉस घे, डोळे झाकून घे" म्हणून मोकळे होतात. निकोनॉस म्हणजे निकॉनचा मुळातच वॉटरप्रूफ असलेला फिल्म कॅमेरा. तो चांगलाच आहे, त्यावर पुढे बोलूच, पण तो सगळ्यांसाठी नाही आणि पहिलाच कॅमेरा म्हणून तर बऱ्याच जणांसाठी नाही. कॅमेऱ्याचं नाव सगळ्यात शेवटी येतं. आधी ठरवायचं ते तुम्ही किती खोल जाणार, फोकस कोण करणार (तुम्ही की कॅमेरा) आणि हा कॅमेरा एक दिवस आतून पाण्याने भरला तर तुमच्या मनाला किती लागेल. तिसरा प्रश्न चेष्टेचा नाहीये. पाण्यात नेलेला कुठलाही कॅमेरा कधी ना कधी गळू शकतो, आणि ज्याच्या जाण्याचं दुःख तुम्ही दोन दिवसात विसरू शकाल तोच तुमचा पहिला कॅमेरा.

आणि "परवडणारा" म्हणताना फक्त बॉडीची किंमत बघू नका. जुन्या वॉटरप्रूफ कॅमेऱ्याला नवीन ओ-रिंग (फटीतून पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कड्या) लागतात, कधीकधी पूर्ण सर्व्हिसिंग लागतं, वर रोल, डेव्हलपिंग, स्कॅनिंग. स्वस्तात मिळालेला कॅमेरा सहा रोल झाल्यावर स्वस्त राहिलेला नसतो, हे डोक्यात ठेवून हिशोब करा.

पायरी १: खोली ठरवा

दर १० मीटर खोलीला साधारण एका वातावरणाचा दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर कॅमेऱ्यावर जमिनीच्या दुप्पट दाब, २० वर तिप्पट. म्हणून "वॉटरप्रूफ" हा शब्द एकटा काहीच सांगत नाही, सोबत मीटरचा आकडा पाहिजेच. पाऊस आणि शिंतोडे झेलणारा कॅमेरा वेगळा, ३ ते ५ मीटरवाला वेगळा, ४५-५० मीटरवाला वेगळा.

तुम्ही फक्त पोहणार, स्नॉर्कलिंग करणार, पाण्याच्या वरच्या थरातच राहणार, तर ५ ते १० मीटरचं काहीही पुरतं. मधूनमधून श्वास रोखून खाली डुबकी मारत असाल तर १० ते १५ चं बघा. स्कूबा करत असाल तर ४० मीटरच्या आतलं रेटिंग असलेलं काही घेऊच नका, कारण तुम्ही १८ मीटरवरच थांबायचं ठरवलेलं असतं पण हातातून निसटलेल्या कॅमेऱ्याने काही ठरवलेलं नसतं. आणि हो, तो आकडा कॅमेरा नवीन असतानाचा. तीस-पस्तीस वर्षं जुन्या रबरवर तो आकडा जसाच्या तसा लावू नका, निम्मा धरा.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. स्कूबा नुकतंच शिकला असाल तर आधी पाण्यात तरंगण्यावर ताबा येऊ द्या, मग कॅमेरा. फोटोच्या नादात लोक प्रवाळावर गुडघे टेकवतात, एअर गेज बघायचं विसरतात, सोबतच्या डायव्हरपासून लांब जातात. कॅमेरा पुढच्या वर्षीही मिळेल.

पायरी २: पाणी फोटोचं काय करतं ते समजून घ्या

हे कंटाळवाणं वाटेल पण यावरच खरेदी ठरते, म्हणून वाचाच. पाण्याचा अपवर्तनांक साधारण १.३३ आहे. सपाट काचेतून पाण्यात बघितलं की वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊणपट अंतरावर दिसतात आणि म्हणून मोठ्या दिसतात. तुमच्या मास्कची काच सपाट, बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांची आणि हाउसिंगची (साधा कॅमेरा ज्यात घालून पाण्यात नेतात त्या वॉटरप्रूफ डब्याची) काचही सपाट, त्यामुळे ३५ मिमीची लेन्स पाण्यात गेल्यावर साधारण ४६-४७ मिमी असल्यासारखी वागते. वाइड वाटणारी लेन्स एकदम नॉर्मल होऊन जाते. माणूस पूर्ण फ्रेममध्ये यायला तुम्हाला मागे सरकावं लागतं आणि मागे सरकलात की मध्ये पाणी वाढतं, आणि पाणी वाढलं की रंग, कॉन्ट्रास्ट, शार्पनेस सगळं जातं. पाण्याखालच्या खराब फोटोंचं सगळ्यात मोठं कारण खराब कॅमेरा नसून लांबून काढलेला फोटो हे असतं.

रंगांचं म्हणाल तर लाल आधी जातो, पाच-सहा मीटरवरच त्यातला बराचसा गेलेला असतो, मग केशरी, मग पिवळा, आणि खाली निळा-हिरवा उरतो. आणि हे फक्त खोलीचं नाही, आडव्या अंतराचंही आहे. तीन मीटर खोलीवर चार मीटर लांबच्या माशाचा फोटो काढला तर उजेडाने एकूण सातेक मीटर पाणी कापलेलं असतं. उजेड तर पृष्ठभागाखाली शिरल्या शिरल्याच दीड-दोन स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), स्वच्छ पाण्यात १० मीटरवर साधारण तीन स्टॉप, गढूळ असेल तर त्याहून कितीतरी जास्त.

यातून खरेदीसाठी काय निघालं? लेन्स जितकी वाइड तितकी चांगली, जवळून फोकस होणारी असेल तर उत्तम, झूमचा शून्य उपयोग.

आता ऑटोफोकस. जुन्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांमधला ऑटोफोकस बहुतेक वेळा इन्फ्रारेड किरण सोडून अंतर मोजतो. पाणी इन्फ्रारेड शोषून घेतं, आणि वर हाउसिंगची काच असेल तर किरण त्या काचेवरच आपटून परत येतो आणि कॅमेऱ्याला वाटतं समोरची वस्तू नाकासमोर आहे. म्हणून घरात पडलेला झकास ऑटोफोकस कॉम्पॅक्ट प्लास्टिकच्या डब्यात घालून खाली नेला की रोलभर धूसर फोटो. याउलट एसएलआरचा (ज्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये लेन्समधलंच चित्र दिसतं त्या कॅमेऱ्याचा) ऑटोफोकस लेन्समधून आलेल्या प्रतिमेवरच चालतो, तो पाण्याखाली चालतो. आणि फिक्स्ड फोकस किंवा अंदाजाने अंतर लावायचे साधे कॅमेरे तर मस्तच चालतात. पाण्याखाली साधेपणा जिंकतो तो असा.

पायरी ३: पहिला रोल वापरून टाकायच्या कॅमेऱ्यावर काढा

खरंच. काही घेण्याआधी एक डिस्पोजेबल घ्या. कोडॅकचा वॉटर अँड स्पोर्ट १५ मीटरपर्यंत, फुजीचा क्विकस्नॅप मरीन १० मीटरपर्यंत, दोन्हीत ८०० आयएसओची फिल्म, २७ फोटो, फ्लॅश नाही. कडक ऊन, स्वच्छ पाणी, वरचे तीन-चार मीटर आणि समोरचा विषय एक ते दोन मीटरवर, एवढं जमलं तर यातून चांगले फोटो येतात, लोकांना पटत नाही पण येतात. ढगाळ असेल किंवा आठ मीटर खाली गेलात तर राखाडी-हिरवा चिखल येणार, कारण शटर आणि ॲपर्चर ठरलेलं असतं, कॅमेरा काही करू शकत नाही.

याचा फायदा म्हणजे तुम्हाला कळतं की हे तुम्हाला आवडतंय की नाही. लाटेत हलत असताना व्ह्यूफाइंडरला डोळा लावता येतो का, मास्कमुळे किती दिसतं, हात थरथरतो का. काहींना एवढ्यावरच समाधान मिळतं, आणि त्यात काही वाईट नाही.

पुन्हा पुन्हा रोल भरता येतो असे साधे वॉटरप्रूफ कव्हरवाले प्लास्टिक कॅमेरेही मिळतात, लोमोग्राफीचा ॲनालॉग ॲक्वा त्यातलाच, १० मीटरवाला. याच कंपनीचं एलसी-ए प्लस कॅमेऱ्यासाठी क्रॅब नावाचं हाउसिंगही होतं, २० मीटरपर्यंत चालणारं. एलसी-एला अंतर हाताने लावायचं असतं, वर लिहिलेली ऑटोफोकसची कटकट नाही, म्हणून कल्पना चांगली आहे, पण दोन्ही मिळून जो खर्च होतो त्यात पुढच्या पायऱ्यांवरचं बरंच काही येतं, तेव्हा आधी पूर्ण वाचा.

पायरी ४: स्नॉर्कलिंगवाल्यांसाठी ५ मीटरचे कॉम्पॅक्ट

ऐंशी-नव्वदच्या दशकात कंपन्यांनी बीचवर न्यायचे कॅमेरे भरपूर काढले. कॅनन शुअर शॉट ए-१, ज्याला काही ठिकाणी प्रिमा एएस-१ आणि जपानात ऑटोबॉय डी५ म्हणतात, ५ मीटरपर्यंत, ३२ मिमीची लेन्स, मोठी बटणं, मोठा व्ह्यूफाइंडर. मास्क घालून वापरायला हा व्ह्यूफाइंडर खरंच सोयीचा आहे. मिनोल्टाचा पिवळाधमक वेदरमॅटिक ड्युअल ३५, तोही ५ मीटर, ३५ आणि ५० मिमी अशा दोन लेन्सवाला. पाण्यात ३५ वरच ठेवायचा, ५० विसरून जायचं. निकॉनचा एल३५एडब्ल्यू फक्त ३ मीटरचा, लेन्स छान आहे पण पाण्याखाली ऑटोफोकसवर विसंबायचं नाही.

मला विचाराल तर यातला कॅनन. दिसायला खेळण्यातला वाटतो म्हणून काही जण नाक मुरडतात, पण नवशिक्याला पाण्यात जे लागतं ते सगळं त्यात आहे आणि बाकी काही नाही. फक्त हे कॅमेरे आता म्हातारे झालेत. मागच्या दाराचं रबर कडक झालं असेल तर पाण्यात नेऊ नका, पावसात वापरा. आणि हे घेऊन स्कूबाला जायचं नाही, अजिबात नाही, "थोडंसंच खाली" पण नाही.

पायरी ५: खरे पाण्याचे कॅमेरे, म्हणजे निकॉनचे निकोनॉस आणि सी अँड सी कंपनीचे

इथे थोडं थांबू, कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

निकोनॉसची मुळं कॅलिप्सो नावाच्या कॅमेऱ्यात, जो बेल्जियन इंजिनिअर जाँ द वाउटर्स यांनी समुद्र संशोधक जाक कूस्तो यांच्यासाठी बनवला. निकॉनने तो हातात घेतला आणि १९६३ मध्ये पहिला निकोनॉस आला. मग दुसरा, तिसरा, १९८० मध्ये ४-ए, १९८४ मध्ये ५, आणि १९९२ मध्ये आरएस नावाचा ऑटोफोकस एसएलआर. २००१ मध्ये निकॉनने हे प्रकरण बंद केलं. या कॅमेऱ्यांना हाउसिंग लागत नाही, कॅमेराच वॉटरप्रूफ, ५० मीटरपर्यंत (आरएस १०० मीटरपर्यंत).

कुठला घ्यायचा? १, २ आणि ३ पूर्ण यांत्रिक आहेत, बॅटरी नाही, मीटर नाही. यांची गंमत म्हणजे लेन्स हेच कुलूप, लेन्स काढली की आतला भाग बाहेरच्या कवचातून वर निघतो आणि मग रोल भरायचा. इलेक्ट्रॉनिक्स नसल्यामुळे थोडं पाणी आत गेलं तरी वाचण्याची शक्यता जास्त. ४-ए मध्ये फक्त ऑटो, सोबत एक यांत्रिक १/९० आणि बी (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं), शिवाय त्याच्या मागच्या दाराची चपटी ओ-रिंग बदनाम आहे, मी तो सुचवणार नाही. ५ मध्ये ॲपर्चर प्रायॉरिटी ऑटो, मॅन्युअलमध्ये १/३० ते १/१०००, टीटीएल फ्लॅश (लेन्समधून आलेला उजेड मोजून फ्लॅश आपोआप आवरणारा), आणि बॅटरी मेली तरी एम९० वर १/९० चालतंच. पार्ट, लेन्स, माहिती सगळ्यात जास्त याचीच मिळते. आरएसकडे बघूही नका, महाग आहे आणि बिघडला तर दुरुस्त करणारा सापडणं कठीण.

निकोनॉस एसएलआर नाहीये हे नीट समजून घ्या. तुम्ही व्ह्यूफाइंडरमधून बघता ते लेन्समधलं चित्र नसतं, फोकस झालाय का ते दिसत नाही. अंतर डोळ्याने ओळखायचं आणि लेन्सवरच्या बटणाने लावायचं. ३५ मिमीच्या लेन्सला दोन बाजूंना दोन बटणं, एकाने अंतर, एकाने ॲपर्चर, आणि ॲपर्चर फिरवलं की लेन्सच्या तोंडावरचे लाल काटे आपोआप उघडतात-मिटतात आणि किती अंतरापासून किती अंतरापर्यंत शार्प येईल ते दाखवतात. ही इतकी हुशार गोष्ट आहे की ती बघूनच लोक कॅमेरा घेतात. ३५ वर अंतर लावताना दिसतं तेवढंच लावायचं, म्हणजे तुम्हाला एक मीटर वाटतंय तर एक मीटर. पाणी डोळ्याला आणि लेन्सला सारखंच फसवतं त्यामुळे हिशोब आपोआप जुळतो, उगाच चार-तृतीयांशने गुणत बसू नका.

लेन्स बघताना: ३५ मिमी एफ २.५ आणि ८० मिमी एफ ४ जमिनीवरही चालतात. २८ मिमी एफ ३.५ आणि १५ मिमी एफ २.८ फक्त पाण्यातच शार्प, बाहेर धूसर. एलडब्ल्यू २८ मिमी एफ २.८ नावाची एक लेन्स आहे ती पाण्यात न्यायची नाही, फक्त शिंतोड्यांसाठी आहे, नावातल्या २८ वर जाऊन चुकीची घेऊ नका. १५ मिमी म्हणजे पाण्याखालचं स्वप्न, पण तिची किंमत बॉडीच्या कितीतरी पट, शिवाय वर वेगळा व्ह्यूफाइंडर लागतो. सुरुवात ३५ ने करा, जमलं तर २८ शोधा. आणि खाली असताना लेन्स काढायची नाही, हे सांगायला विचित्र वाटतं पण तरी सांगतो.

३५ वर स्वस्तात मजा करायची असेल तर एक्स्टेंशन ट्यूब आणि फ्रेमर शोधा. लेन्स आणि बॉडीच्या मध्ये ट्यूब, पुढे तारेची चौकट, छोटा जीव त्या चौकटीत आला की फोकसही आला आणि फ्रेमिंगही आलं. एफ २२ आणि एक फ्लॅश. सी-स्लगसारखे (समुद्री गोगलगायी) संथ प्राणी यात सुरेख येतात. मासे पळून जातात, त्याला इलाज नाही. आणि चौकट प्रवाळावर घासायची नाही.

आता सी अँड सी. मोटरमरीन २ आणि एमएक्स-१० हे दोन्ही ४५ मीटरचे, निकोनॉसपेक्षा साधारणपणे स्वस्तात मिळतात आणि माझ्या मते नवीन स्कूबावाल्याने आधी यांच्याकडे बघावं. कारण? यांच्या वाइड आणि क्लोज-अप जोडलेन्स बाहेरून लागतात, पाण्याखाली असतानाच लावता-काढता येतात. निकोनॉसवर तुम्ही वर जे लावून आलात तेच खाली वापरायचं, समोर अचानक कासव आलं आणि तुमच्या लेन्सवर मॅक्रो ट्यूब असेल तर फक्त बघत बसायचं. बॉडी प्लास्टिकची आहे, हातात घेतल्यावर भारी वाटत नाही, आणि म्हणूनच त्या पडून राहतात आणि स्वस्त राहतात.

पायरी ६: हाउसिंगचा रस्ता

घरी फिल्म एसएलआर आधीच आहे, तर फक्त हाउसिंग घेतलं की झालं, असं वाटतं. इतकं सोपं नसतं. पक्कं हाउसिंग एकाच मॉडेलसाठी बनलेलं असतं, बटणं आणि दांड्या त्या मॉडेलच्या जागेवरच बसतात. म्हणून उलटा मार्ग धरा: आधी हाउसिंग शोधा, मग त्याला बसणारी बॉडी घ्या. फिल्म एसएलआरच्या बॉडी तुलनेने मुबलक आहेत, हाउसिंग नाहीत. निकॉन एफ८०१, एफ९०, एफ१०० आणि काही कॅनन ईओएससाठी जुनी हाउसिंग अजून फिरत असतात.

पॉलीकार्बोनेटची पारदर्शक (आयकेलाइट याच्यासाठी प्रसिद्ध) आणि ॲल्युमिनियमची, असे दोन मुख्य प्रकार. बजेट असेल तर पारदर्शकच घ्या, कारण आत पाण्याचा थेंब दिसला की लगेच वर यायचा निर्णय घेता येतो. ॲल्युमिनियम छोटं, देखणं, महाग, आणि आत काय चाललंय ते दिसत नाही.

पोर्ट म्हणजे लेन्ससमोरची काच. सपाट पोर्ट मॅक्रोसाठी चांगला, घुमटासारखा डोम पोर्ट वाइडसाठी. डोम लेन्सचा कोन परत मिळवून देतो, पण त्याच्या समोर जे चित्र तयार होतं ते लेन्सच्या अगदी जवळ असतं, म्हणून लेन्स जवळ फोकस होणारी पाहिजे, नाहीतर पुढे क्लोज-अप फिल्टर लावावा लागतो. नुसतं हाउसिंग स्वस्त मिळालं म्हणून उड्या मारू नका, त्यासोबत पोर्ट कुठला, तो तुमच्या लेन्सला लांबीने बसतो का, फोकस फिरवायची गिअर रिंग आहे का, हे सगळं विचारा. पोर्ट वेगळा शोधायला गेलात की बजेट संपतं. मला सगळ्यात शहाणी वाटणारी जोडी म्हणजे अशा बॉडीवर ६० मिमीची मायक्रो-निक्कोर आणि सपाट पोर्ट. ही लेन्स १:१ पर्यंत जाते (वस्तू फिल्मवर खऱ्या आकाराएवढी येते), ऑटोफोकस चालतो, आणि छोटे प्राणी, माशांचे चेहरे, सगळं एकाच लेन्समध्ये.

तिसरा प्रकार मऊ पिशवी, इवा-मरीनसारखी, पुढे काच आणि आत हाताचा मोजा. स्नॉर्कलिंगला ठीक. खाली गेलं की पिशवी आवळते आणि बटणं दाबली जातात. महाग कॅमेरा त्यात घालून स्कूबाला नेणारे लोक आहेत, ते धाडसी आहेत एवढंच म्हणतो.

पायरी ७: सेकंडहँड घेताना काय तपासायचं

विकणारा "कधीच पाण्यात नेला नाही" म्हणाला की लोक खूश होतात. पण न वापरलेला कॅमेरा म्हणजे वीस वर्षं न हललेलं रबर. मला तर नियमित सर्व्हिस झालेला वापरलेला कॅमेरा जास्त बरा वाटतो.

दार उघडा आणि ओ-रिंग जिथे बसते ती खोबणी बघा. ओ-रिंग बदलता येते, पण खोबणीला गंज, खड्डा किंवा ओरखडा असेल तर कितीही नवी ओ-रिंग घाला, गळणारच. बॅटरीच्या कप्प्यात आणि फ्लॅशच्या सॉकेटमध्ये हिरवट-पांढरा थर असेल तर समुद्राचं पाणी तिथे येऊन गेलंय. आत वास घ्या, हो, वास. फिल्म दाबणारी प्लेट, स्पूलचे दांडे, कोपऱ्यातले स्क्रू, कुठे मीठ किंवा गंजाचे ठिपके दिसतात का ते बघा. निकोनॉस ५ असेल तर बॅटरीशिवाय एम९० वर शटर पडतंय का, बॅटरी टाकल्यावर व्ह्यूफाइंडरमधले आकडे पेटतात का आणि प्रकाशाप्रमाणे बदलतात का. सगळी बटणं फिरवून बघा, जड किंवा करकरत असतील तर आतल्या छोट्या ओ-रिंग कोरड्या पडल्यात, आणि त्या घरी बदलता येत नाहीत. शक्य असेल तर प्रेशर टेस्ट करून देणारा दुरुस्तीवाला आधी शोधून ठेवा आणि त्याचा खर्च किमतीत धरा.

पायरी ८: फ्लॅश

पाच मीटरच्या वर, उन्हात, फ्लॅशची गरज नाही. त्याच्या खाली रंग पाहिजेत तर फ्लॅश हवाच, दुसरा उपाय नाही. लाल फिल्टर वरच्या दहा-पंधरा मीटरमध्ये थोडी मदत करतो पण साधारण एक स्टॉप खातो, आणि फ्लॅशसोबत वापरायचा नसतो.

कॅमेऱ्यातल्या फ्लॅशची अडचण अशी की तो लेन्सला चिकटून असतो, त्यामुळे पाण्यात तरंगणारा कचरा चमकून फोटोभर पांढरे ठिपके येतात, धुक्यात गाडीचे मोठे लाइट लावल्यावर होतं तसं. वेगळा स्ट्रोब (पाण्याखालचा सुटा फ्लॅश) हातभर लांब दांड्यावर, थोडा वरून आणि तिरका लावला की हे बरंच कमी होतं. आणि फ्लॅशची मजल पाण्यात जेमतेम एक-दीड मीटर धरा, लांबच्या गोष्टीवर मारून उपयोग नाही.

आता इथे बजेटवाल्यांना एक आनंदाची बातमी. फिल्मच्या टीटीएलसाठी बनलेले जुने स्ट्रोब (निकॉनचे एसबी-१०५ वगैरे, सी अँड सीचे वायएस मालिकेतले) डिजिटलवाल्यांना सहसा तसे उपयोगाचे नसतात, म्हणून ते बऱ्यापैकी स्वस्तात जातात. फक्त बॅटरीचा कप्पा आणि केबलच्या पिना स्वच्छ आहेत का ते बघा आणि तुमच्या कॅमेऱ्याला जुळतो का ते आधी खात्री करा. निकोनॉस ५ वर फ्लॅशसाठी १/९० किंवा त्याहून हळू शटर, त्याच्या वर नाही.

पायरी ९: फिल्म

कलर निगेटिव्ह, ४०० आयएसओ. संपला विषय. अल्ट्रामॅक्स ४०० चालते, पोर्ट्रा ४०० जास्त सुंदर पण पहिल्या रोलला वाया घालवू नका. थोडी ओव्हरएक्सपोज झाली तरी निगेटिव्ह सांभाळून घेते, अंडरएक्सपोज झाली की मात्र सावल्यांमध्ये चिखल, म्हणून शंका आली की एक स्टॉप जास्तच द्या. पाणी गढूळ किंवा आभाळ भरलेलं असेल तर ८०० ची. स्लाइड फिल्मवर, वेल्व्हिया ५० किंवा एक्टाक्रोमवर, निळा रंग बघून वेड लागतं, पण एक्सपोजर अर्ध्या स्टॉपने चुकलं तरी फोटो गेला, तेव्हा ती फ्लॅशवर हात बसल्यानंतर. ब्लॅक अँड व्हाइट मात्र सुरुवातीला जरूर करून बघा. एचपी५ प्लस, ८०० किंवा १६०० ला पुश करून (म्हणजे तेवढ्या आयएसओची समजून काढायची आणि डेव्हलपिंग वाढवायचं). रंगच नाहीत म्हटल्यावर रंग गेल्याचं दुःख नाही, आणि वरून पडणारे उन्हाचे पट्टे त्यात काय दिसतात!

खाली रोल बदलता येत नाही, त्यामुळे ३६ चाच रोल भरा आणि रोलच्या शेवटी दोन फोटो शिल्लक ठेवा, वर येताना काहीतरी दिसतंच. विमानाने जाणार असाल तर रोल हातातल्या बॅगेत ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा, नवे सीटी स्कॅनर फिल्म खराब करतात. आणि बंद हाउसिंग विमानातून नेताना मुख्य ओ-रिंग काढून ठेवा, नाहीतर दाबातल्या फरकाने झाकण असं चिकटतं की उघडत नाही.

पायरी १०: ओ-रिंग आणि कोरडी चाचणी

ओ-रिंग स्वच्छ हातांनी, बोटांनी दाबून काढा, टोकदार लोखंडी काही वापरायचं नाही. लिंट न सोडणाऱ्या कपड्याने पुसा, बोटांमधून फिरवून बघा, वाळूचा कण किंवा केस हाताला लागतो. मग मोहरीएवढं ग्रीस, नुसती चकाकी येईल इतकंच. ग्रीस पाणी अडवत नाही, ते फक्त रबर मऊ ठेवतं आणि नीट बसू देतं, जास्त लावलं तर कचरा गोळा करतं. ग्रीस त्याच कंपनीचं किंवा त्या रबरला चालणारं घ्या, सिलिकॉनच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलं तर ती फुगू शकते. हे काम घाईत, बोटीवर, वाऱ्यात करायचं नाही, आदल्या रात्री करायचं.

चाचणी अशी: हाउसिंग असेल तर कॅमेरा न घालता आत कोरडा टिश्यू पेपर ठेवा, वजन बांधा, बादलीत अर्धा तास बुडवा, बटणं दाबून बघा. टिश्यू कोरडा? मग पोहण्याच्या तलावात. मग पहिल्या डाइव्हला रिकामंच खाली न्या. निकोनॉससारख्या कॅमेऱ्याला हे करता येत नाही, तिथे प्रेशर टेस्ट आणि नशीब. बऱ्याच वेळा गळती खोलवर होत नाही, वरच होते, कारण खाली दाबानेच ओ-रिंग घट्ट बसते आणि वर उडी मारताना ती हलते. म्हणून कॅमेरा हातात घेऊन बोटीवरून उडी मारू नका, पाण्यात उतरा आणि मग कुणाकडून तरी घ्या. पाण्याखाली धरून दोन मिनिटं बुडबुड्यांची माळ निघतेय का बघा. पारदर्शक हाउसिंगमध्ये सिलिका जेलची पुडी टाका, धुकं धरत नाही.

पायरी ११: पहिला रोल कसा काढायचा

सकाळी दहा ते दुपारी दोन, ऊन वर असताना. ४०० ची फिल्म, १/९० किंवा १/१२५, स्वच्छ पाण्यात पृष्ठभागाजवळ एफ ११ ते १६, दहा मीटरच्या आसपास एफ ८ ते ११, पाणी जरा मळकट असेल तर त्याहून एक-दोन स्टॉप उघडा. अंतर एक मीटरवर लावून टाका आणि फोकसला हातच लावू नका, तुम्ही पुढे-मागे व्हा. एक हात पुढे करा, हाताच्या थोडं पलीकडे विषय आला की दाबा. वरून खाली फोटो काढू नका, विषयाच्या पातळीला किंवा खाली जा आणि किंचित वर बघा, मागे निळं पाणी येईल आणि मासा दगडात हरवणार नाही. पाण्याखालच्या स्लेटवर फ्रेम नंबर, खोली आणि ॲपर्चर लिहा, सगळ्यांचं नाही जमलं तर दर पाच फोटोंचं. हे न करता काढलेला रोल परत आला की काय बरोबर झालं तेही कळत नाही.

स्कूबावर असाल तर फोटोसाठी श्वास रोखायचा नाही. कॅमेरा दोरीने अंगाला अडकवलेला हवा.

पायरी १२: बाहेर आल्यावर

गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, निदान अर्धा तास, नुसता नळाखाली धरणं पुरत नाही, खाचांमधलं मीठ विरघळायला वेळ लागतो. बुडलेला असतानाच सगळी बटणं हलवा. बोटीवरच्या सगळ्यांच्या सामायिक टबात टाकून निघून जाऊ नका, वर कुणीतरी वजनाचा पट्टा टाकतं. पूर्ण पुसा, केसही पुसा (तुमचे), मग दार खाली तोंड करून उघडा म्हणजे कडेवरचा थेंब बाहेर पडेल, आत नाही.

आणि भरलाच पाण्याने तर? दार वर करून बाहेर या, पाणी ओता, बॅटरी लगेच काढा. समुद्राचं पाणी असेल तर सुकवायची घाई करू नका, उलट गोड्या पाण्याने धुवा, कारण सुकलेलं मीठच जास्त खातं. १, २, ३ क्रमांकाचे निकोनॉस असे धुऊन, सर्व्हिसिंग करून परत कामाला लागतात, इलेक्ट्रॉनिकवाल्यांची आशा कमी. रोल मात्र फेकू नका. भिजलेला रोल सुकू दिला तर थर एकमेकांना चिकटतात, म्हणून तो गोड्या पाण्यात, उजेड न शिरणाऱ्या डब्यात ठेवून ओलाच लॅबमध्ये न्या आणि त्यांना आधी सांगा की हा पाण्यात गेलेला आहे, म्हणजे ते तो बाकीच्यांच्या रोलसोबत मशीनमध्ये घालणार नाहीत. रंग सरकलेले येतील, कडेला डाग येतील, पण बऱ्याचदा काहीतरी निघतं.